आधी दिवा, मग माणूस

बाबा, परवा आपल्या अंगणातल्या विहिरीला आग लागली. हे लिहिताना मलाच खोटं वाटतंय, कारण आग लागली की विहिरीकडे धावायचं एवढंच आपल्याला ठाऊक. पण मी तिथंच उभी होते.

गावातली कुठलीही विहीर उपसायची तर लोक आधी तुम्हाला बोलवायचे आणि तुम्ही दोराला कंदील बांधून खाली सोडायचात. एकदा शेजारच्या विहिरीवर मी वाकून बघत होते, तर तुम्ही वेणी धरून मागं ओढलंत. "मरतं का वं? आंधी दिवा उतरते, मंग मानूस." कंदील विझलेला, म्हणजे तळाशी श्वास घेण्याजोगी हवा नाही. मालक कुरकुरतो, "तुमाले त कामच कराचं नाई." हवा खेळावी म्हणून तुम्ही कडुलिंबाच्या फांद्या विहिरीत खालीवर हलवता, बादल्या ओतता, आणि दुसऱ्या दिवशी कंदील जळत राहिल्यावरच उतरता. विझला तर थांबायचं, जळाला तर उतरायचं. तुम्ही गेल्यावरही गावानं हे ब्रह्मवाक्य मानलं.

आता नाल्यापलीकडे एका कंपनीनं कोळशाच्या थरातल्या गॅससाठी बोअर पाडलेत. टँकरच्या पाण्यात कसली कसली रसायनं मिसळून ते जोरानं जमिनीत दाबतात, म्हणजे दगडाला भेगा पडून गॅस सुटतो, असं त्यांच्या साहेबानंच ग्रामसभेत सांगितलं. वर आलेलं राखाडी पाणी खड्ड्यात साठतं. त्याच्या वासानं भावजयीचं डोकं दुखतं, आणि बैल तिकडचं गवत नुसतं हुंगून माघारी फिरतात. या उन्हाळ्यात आपल्या विहिरीचं पाणी गढूळ झालं, सोड्यासारखे बुडबुडे यायला लागले. विचारलं तर साहेब म्हणाले, "गॅस फार खोल आहे, तुमच्या विहिरीशी त्याचा काही संबंध नाही." भावाला वाटलं, गाळ साचला असेल. लेकरं पडू नयेत म्हणून विहीर पत्र्यांनी झाकलेली असते. त्यातला एक पत्रा सरकवून त्यानं तुमचा कंदील सोडला.

कंदील विझला नाही. उलट ज्योत वाढली, लांब आणि निळसर झाली. "पाय ताई, बाबाचा दिवा कसा फुलला," म्हणत भावानं आतल्या पायरीवर पाय ठेवला. "उतर," मीच म्हणाले. जमिनीच्या पोटात धप्प झालं आणि जाळ थेट विहिरीच्या तोंडाशी आला. पत्रे उडाले. भाऊ मागं अंगणात फेकला गेला. त्याचा एक पाय अजून बाहेर होता, म्हणून वाचला.

तो यवतमाळच्या दवाखान्यात आहे. डोळे वाचतील म्हणतात, बोटांचं आत्ताच सांगता येत नाही. काल पट्ट्यांतून त्यानं विचारलं, "ताई, दिवा त जळून राह्यला होता न वं? मंग असं काहून झालं?" गॅस त्यांच्याच बोअरमधून आला हे मी सिद्ध करू शकत नाही. साहेब म्हणाले, तपासू. पण तुमच्या हयातीत या विहिरीतून पाण्याशिवाय काही निघालं नव्हतं.

दवाखान्यातून परतल्यावर मी घरोघरी सांगत फिरले, दिवा जळला तरी उतरू नका, दिवा सोडूच नका. तुमच्याबरोबर गाळ काढणारे काका ओसरीवर बसले होते. ते म्हणाले, "मंग आता उतराच्या आंधी पाहाचं तरी काय, बाई?"

हे मी तुम्हाला विचारणार होते. पण कुठल्या पत्त्यावर? कागद घडी करून कंदिलाच्या रिकाम्या खुंटीमागं खोचून ठेवते. एक मात्र कबूल करते. तुम्ही असता तर भावाला बाजूला सारून स्वतःच उतरला असतात, आणि तुमच्या सवयीप्रमाणे झपाझप, एक पायसुद्धा बाहेर न ठेवता. जाळ वर आला तेव्हा, बाबा, तुम्ही आधीच गेलात याचं मला क्षणभर बरं वाटलं.