तिघांचं एकमत

गुरुवार, १ मार्च

सुखरूप पोचलो. खोली झकास आहे. मंडळाच्या बैठकीच्या बरोबर वर, दोन खिडक्या, एक कपाट आणि टेबल एवढं ऐसपैस की सहा अल्बम शेजारीशेजारी उघडे ठेवावेत. या गावातल्या तिकीटसंग्राहकांच्या मंडळाला जाणकार हवा होता. त्यांच्याकडे एक लाकडी पेटी आहे, तीत न ओळखता आलेली तीनशेच्या वर टपाल तिकिटं. कुठल्या देशाची, कधीची, कॅटलॉगात नावनिशाणी नाही. ती मी ओळखून द्यायची, त्यांनी मला खोली द्यायची. अर्जात मी तीन प्रदर्शनांचा परीक्षक होतो असं ठोकून दिलंय. खरं तर एका विक्रेत्याकडे नऊ वर्षं तिकिटं पाण्यात भिजवून पाकिटांवरून सोडवत होतो. पितळेला थोडी कल्हई, एवढंच. पन्नाशीत नवं गाव, नवी किंमत. ताईला फोन केला. थोरली बहीण, तिच्याशिवाय मला कोणी नाही. जेवलास का म्हणाली. दुसरा प्रश्न तिला येत नाही.

टेबलाच्या खणात एका माणसाचा पासपोर्ट आकाराचा फोटो निघाला. मागे अल्बममध्ये तिकिटांना लावतात तसली चिकटपट्टी, तिला चिठ्ठी, चिठ्ठीवर पेन्सिलीने 'बनावट' आणि खाली तीन सह्या. छंदाच्या नादात माणसं काय काय जमवतात.

रविवार, ४ मार्च

पहिली बैठक. मंडळ मंडळ म्हणत होते ते तीन माणसांचं निघालं. एक दातांचे डॉक्टर. तिकिटाच्या कडेचे दाते मोजताना त्याला 'आ करा' म्हणायचे तेवढे बाकी होते. दुसऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांना सगळे बाई म्हणतात. शाळेतून निवृत्त झाल्या, स्वभावातून नाही. तिसरे घड्याळजी, कोपऱ्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान, डोळ्याला भिंग लावूनच जन्माला आले असावेत. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात. इथे तर गाय धडधाकट आहे.

यांची पद्धत ऐका. तिकीट चिमट्यात धरून टेबलाभोवती फिरतं. कुठल्याही तिघांचं एकमत झालं की चिठ्ठी लिहायची, सह्या करायच्या, झाली ओळख. चिठ्ठी पुन्हा उघडायची नाही. उद्या तिघांनी गाढवाला घोडा म्हटलं तर हे लोक त्याच्यावर खोगीर चढवतील. खणातल्या फोटोचं विचारलं. बाई म्हणाल्या, तुमच्याआधी इथे कुणी जाणकार नव्हताच.

पहिलं तिकीट हिरवं, वर एक पक्षी आणि आकडा. मला ओ की ठो कळेना. पण 'माहीत नाही' हे शब्द मी शाळेनंतर उच्चारलेले नाहीत. सांगितलं, एका बेटावरच्या मिठाच्या कंपनीचं खासगी टपाल, अकरा महिने चाललं, मग बेट ओस पडलं. तिन्ही नंदीबैलांनी माना हलवल्या.

सोमवार, ५ मार्च

गंमत आहे. कॅटलॉग चाळताना पान दोनशे बारा. मिठाची कंपनी, अकरा महिने, तोच पक्षी. हा कॅटलॉग मला पाठ आहे. म्हणजे कधीतरी वाचलं असणार आणि डोक्याने जपून ठेवलं असणार. हुशारी अशीच असते, मालकाला न विचारता काम करते.

रविवार, ११ मार्च

आज मुद्दाम पारख केली. लाल तिकीट, त्यावर फांदी. वर खोलीत भिंगाखाली दोनदा मोजली, पानं सहा. खाली जाऊन सात म्हणालो. तिघांनी आळीपाळीने पाहिलं, सात म्हणाले, सह्या झाल्या. वर येऊन मोजली. सात.

भिंग पुसून पुन्हा मोजली, तरी सातच. मग हसायला आलं. जग एवढं पोकळ असेल आणि त्याची किल्ली या तीन बावळटांकडे असेल असं कुणाला वाटलं असतं? आणि ते तिघे माझ्या मुठीत.

रविवार, १८ मार्च

घड्याळजींनी आज चारचौघांत माझी काढली. एका तिकिटाचे दाते मी दोन सेंटीमीटरला चौदा सांगितले. त्यांनी पट्टी लावली आणि हळूच, जणू माझ्यावर उपकार करत, साडेतेरा म्हणाले. डॉक्टर फिसकन हसले.

त्यानंतर त्यांनी खिशातून स्वतःचं तिकीट काढलं. निळं, फाटक्या पाकिटावर चिकटलेलं. धाकटा भाऊ तीस वर्षांपूर्वी बोटीने गेला, एक पत्र आलं, तो आला नाही. तिकीट कुठल्या बंदराचं ते कळलं तर शोधायला जाईन म्हणाले. पत्र भिजलेलं, दीडच ओळ लागते. ती त्यांनी कविता म्हणावी तशी म्हणून दाखवली: दादा, सुखरूप पोचलो. इथे पाणी फार. पुढे सगळी शाई फुटलेली.

माहीत नाही म्हणता आलं असतं. मी म्हणालो, बनावट. भोळ्या लोकांना गंडवायला छापलेलं. डॉक्टरांनी सही केली, बाईंनी केली, मी केली. घड्याळजींनी पाकीट जपून खिशात ठेवलं. साडेतेरा म्हणणारं तोंड मिटलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

मंगळवार, २० मार्च

घड्याळाचा पट्टा बदलायच्या निमित्ताने दुकानात गेलो. म्हटलं, फुगलेलं तोंड बघून येऊ. तर स्वारी शीळ घालत बसलेली. भावाची आठवण काढली. ते हसले. म्हणाले, भाऊ कुठला, मी एकुलता एक.

मागच्या भिंतीवर त्यांचा लहानपणीचा फोटो आहे. आई, वडील, मध्ये एक मुलगा. त्याच्या शेजारी छोटं स्टूल. रिकामं. मुलाचा हात हवेत, कुणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा.

पट्टा न बदलताच आलो.

शुक्रवार, २३ मार्च

बाईंकडे गेलो. निळ्या तिकिटाची चिठ्ठी उघडा म्हणालो. त्या म्हणाल्या, उघडत नाही, आणि बनावट तर तुम्हीच म्हणालात. मग थंडपणे सांगितलं, प्रदर्शनवाल्यांना पत्र घातलं होतं. तुमच्या नावाचा परीक्षक कधी नव्हता.

पितळ उघडं पडलं. रागावल्या असत्या तर चाललं असतं. त्यांनी अर्जाला लावलेला माझा फोटो सोडवून घेतला, चिमट्याने. रविवारी बैठकीत घेऊ म्हणाल्या.

खणातला तो माणूस. आज पुन्हा पाहिला. याची कुणी वाट पाहत असेल का? नाही. बनावट ठरला की कुणाला आठवतच नाही, तेच तर.

शनिवार, २४ मार्च

बॅग भरून बसस्टँडवर गेलो, परत आलो. पळून काय होणार, फोटो इथेच राहणार. डॉक्टर आणि बाई सही करतील. राहिले घड्याळजी. ज्यांना मी बावळट म्हणत आलो.

त्यांना सगळं सांगितलं. तुम्हाला भाऊ होता. बोटीने गेला, परत आला नाही. मी पुसला. पत्राची ओळ म्हणून दाखवली. रडलो, लाज सोडून. त्यांना काही आठवलं नाही, पण त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, असा भाऊ असायला हवा होता. माझं वय विचारलं. भिंग लावून माझा कान बघत राहिले. बनावट लिहू देणार नाही म्हणाले.

देवमाणूस आहे. हा शब्द मी कुणासाठी वापरला नव्हता.

रविवार, २५ मार्च, सकाळ

मला वरच बसवलंय. ज्याची ओळख पटवायची तो टेबलाशी बसत नाही म्हणे. फळ्यांतून सगळं ऐकू येतं.

डॉक्टर बनावट म्हणाले. बाईही.

घड्याळजी नाही म्हणाले. कॅटलॉगात नसेल पण अस्सल आहे म्हणाले — कान बघा, माझ्या वडिलांचा कान — हा माझा भाऊ —

वाचलो.

डॉक्टरांना कान पटला. बाई लिहितायत. घड्याळजींचा धाकटा भाऊ. ते रडतायत, आनंदाने. पुढचं सांगतायत, मी काल सांगितलं तसंच — बोटीने गेला — परत —

नको, ते नको, बाई, एवढं नका लिहू —

जिना ओला आहे. खालच्या पायऱ्या दिसत नाहीत.

ताईला फोन लावला. कोण बोलतंय म्हणाली. मी म्हणालो, मी. ती म्हणाली, चुकीचा नंबर लागलाय, मला भाऊ नाही. जेवलास का विचारलं नाही —

पाणी टेबलाच्या पायांना लागलं. खारट. खिडकीबाहेर गल्ली नाही —

कुणाला तरी लिहायला हवं. मला आहे कोण —

आहे. एक आहे —

दादा, सुखरूप पोचलो. इथे पाणी फार