माझे सिक्स बाय सिक्स डोळे

१ जानेवारी
संकल्प : या वर्षी फायटर पायलट व्हायचं. गेल्या वर्षीही हाच होता, पण गेल्या वर्षी चष्मा आडवा आला. वयाची अट बघता ही शेवटची संधी. चष्मा काढायचा तर लेझर हवं. दुसरा संकल्प : पहाटे पळायला जायचं. आज सुट्टी आहे, तेव्हा उद्यापासून.

४ जानेवारी
बाबांकडे लेझरचा विषय काढला. बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. ताई म्हणाली, चष्मेवाल्याच्या पोराने लेझर करायचं म्हणजे न्हाव्याच्या पोराने जटा वाढवायच्या. ताईचा स्वभावच तिरका. बाबा बराच वेळ एकच फ्रेम पुसत बसले. मग म्हणाले, तुला विमान चालवायचंय ना, मग कर बाबा.
पळायला गेलो नाही. थंडी.

९ जानेवारी
लेझरवाल्या डॉक्टरांकडे गेलो. बाबाही आले. डॉक्टर म्हणाले, नंबर स्थिर असेल तरच करू. वाढता असेल तर आज घालवलेला नंबर उद्या परत येतो, मग माझ्या नावाने खडे फोडू नका. बाबा ताठ मानेने म्हणाले, चार वर्षं सूतभर हललेला नाही, मी स्वतः तपासतो. डॉक्टर म्हणाले, आमचं मशीन तर चष्म्यापेक्षा जास्त दाखवतंय. मी म्हणालो, मशीनच ते. डॉक्टर बाबांना वीस वर्षं ओळखतात. तारीख दिली.
खासगी नोंद : नंबर न हलण्यात माझाही वाटा आहे. दुकानातला अक्षरांचा तक्ता मला शाळेपासून तोंडपाठ आहे, शेवटच्या बारीक ओळीसकट. बाबा वाच म्हणतात, मी घडाघडा म्हणून मोकळा होतो. याला कोणी लबाडी म्हणेल. मी स्मरणशक्ती म्हणतो. कॉकपिटमध्ये तीच लागते.

२० जानेवारी
लेझर झालं. लाल ठिपक्याकडे बघत राहा, हलू नका, एवढंच काम. थोडा जळका वास आला. मी शांत होतो. नर्सचं म्हणणं आहे की मी तिचं मनगट सोडतच नव्हतो. तिची पहिलीच केस असावी.

२१ जानेवारी
उठलो आणि भिंतीवरचं घड्याळ दिसलं. काट्यांसकट. आईला हाक मारून तिला वेळ सांगितली. ती म्हणाली, मला दिसतंय रे. पण तिचेही डोळे भरून आले.
डॉक्टरांनी सांगितलंय की काही दिवस डोळे कोरडे पडतील, दिव्यांभोवती वलयं दिसतील, अंधारात उजेड डोळ्यांवर येईल. हे सर्वसाधारण पेशंटसाठी असावं.

६ फेब्रुवारी
दिव्यांभोवती वलयं आहेत. मोठी आहेत. चंद्र दोन दिसतात, एक नीट आणि एक जरा सरकलेला. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. मला चंद्रही दोन दिले. तक्रार नाही.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळ
स्कूटरवरून येताना समोरून दोन मोटारसायकली येत होत्या. मधून जायचं ठरवलं. ती एकच मोटारगाडी निघाली. मी वेळेवर गटारात उतरलो. रिफ्लेक्स उत्तम. आता अंधारात स्कूटर चालवायची नाही. चालत जायचं, म्हणजे पळण्याचाही हिशेब चुकता.

११ मार्च
डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होतं. तासातासाला थेंब घालतो. शेजारच्या काकूंनी गॅलरीतून बघितलं आणि आईला विचारलं, पोराचं लग्न मोडलं का. आई म्हणाली, ठरलंय कुठे.

२ मे
लेखी परीक्षा पास. आईने सगळ्या नातेवाइकांना फोन केले. ताई आता मला ‘विंग कमांडर’ म्हणते. तोंड वाकडं करून म्हणते, पण म्हणते.

१४ जुलै
चुकीच्या बसमध्ये बसलो. हल्ली बसचे नंबर फार बारीक लिहितात. बँकेच्या दारातल्या वॉचमनला लांबून अधिकारी समजून कडक सॅल्यूट ठोकला. त्याने परत ठोकला. शिस्तीचा माणूस.

१५ जुलै
मनात शंका नको म्हणून दुकानात तपासून घेतलं. तक्ता शेवटपर्यंत म्हटला. सिक्स बाय सिक्स. बाबांनी दुकानातल्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, चष्मा लागत नाही आता ह्याला. चष्म्याच्या दुकानात असं बोलू नये, पण मी टोकलं नाही. त्यांचा आनंद मोडवेना.
ताई म्हणाली, एकदा डॉक्टरांना दाखवून ये. वर म्हणते, समोरच्या दुकानाची पाटी वाच. मी म्हणालो, मी पाट्या वाचायला जन्मलेलो नाही.

३० ऑगस्ट
इंटरव्ह्यू पास. आता फक्त मेडिकल. म्हणजे शेपूट राहिलं. बाबांनी माझ्यासाठी गॉगल काढून ठेवलाय, पायलट लोकांचा असतो तसा. दुकानातला सगळ्यात भारी.

६ ऑक्टोबर
मेडिकल.
त्यांच्या तक्त्यावर अक्षरंच नाहीत. नुसती वर्तुळं, प्रत्येक एका बाजूला तुटलेलं. फट कुठल्या बाजूला आहे ते सांगायचं. हे मला आधी कळलं नाही, त्यामुळे मी सवयीने आमच्या दुकानातल्या तक्त्याची ओळ म्हणून टाकली. लष्करी डॉक्टर बाई होत्या. त्या म्हणाल्या, इथे एकही अक्षर नाही. मग अंधार करून डोळ्यांत उजेड मारला, मग सूक्ष्मदर्शकातून बघितलं. मग हळू आवाजात बोलल्या. ते आवडलं नाही मला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
म्हणाल्या, लेझर केलेली मुलं आम्ही घेतो, त्याचं काही नाही. पण तुझा नंबर परत आलाय. लेझर केलं तेव्हा वाढतच असणार. बुबुळ आता इतकं पातळ झालंय की पुन्हा करता येणार नाही. कायमचा अनफिट.
मी विचारलं, कायमचा म्हणजे कधीपर्यंत. त्यांनी फॉर्मवर शिक्का मारला.

७ ऑक्टोबर
अपयशाची कारणं : तक्ता अन्यायकारक. खोलीत उजेड कमी. आदल्या दिवशी आईने चुकीच्या कुशीवर झोपू दिलं.
आई नातेवाइकांचे फोन उचलत नाहीये. मी दिवसभर पांघरुणात होतो. रडलो. थेंबांची गरज पडली नाही.

९ ऑक्टोबर
बाबा जेवले नाहीत. म्हणाले, चार वर्षं तुझा नंबर वाढत होता आणि मला कळला नाही. डॉक्टरांना मी शब्द दिला. मीच वाटोळं केलं तुझं.
मोठ्यांना मध्ये तोडू नये. मी म्हणालो, जाऊ द्या बाबा, होतं असं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला आपण मोठ्या मनाचे आहोत असं वाटलं, पण ताट मीही बाजूला सारलं.

१० ऑक्टोबर
ताईने स्वयंपाकघरात गाठलं. तिला तक्त्याचं पूर्वीपासून माहीत आहे, लहानपणी तीच माझ्याकडून ओळी म्हणून घ्यायची. म्हणाली, तू सांगतोस की मी सांगू. मी म्हणालो, मीच सांगतो, माझ्या पद्धतीने. रविवारी निवांत सांगायचं ठरलं.

रविवार
बाबांचा डोळा लागला होता. झोपमोड नको. सोमवारी नक्की.

सोमवार
सकाळी दुकानात गेलो. वाक्य तयार होतं. बाबा स्टुलावर चढले होते, हातात पांढऱ्या रंगाचा डबा. पाटीवर दुकानाच्या नावाखाली ‘डोळे तपासून मिळतील’ अशी ओळ आहे, बाबांनी धंद्याच्या पहिल्या वर्षी स्वतः रंगवलेली. तिच्यावर ब्रश फिरवत होते. म्हणाले, आता नुसत्या फ्रेमा विकायच्या. ज्याला घरचा डोळा समजला नाही, त्याने दुसऱ्याच्या डोळ्याला हात लावू नये.
सांगणार होतो. पण वर चढलेल्या माणसाला असं काही सांगणं धोक्याचं. मला माझी फार लाज वाटली, हे इथे लिहून ठेवतो. स्टूल डुगडुगत होतं म्हणून दोन्ही हातांनी धरलं.
बाबांनी वरून विचारलं, खालून वाचता येतंय का रे अजून?
मी वर बघितलं. सगळं पांढरं, धुरकट. म्हणालो, नाही बाबा, काहीच वाचता येत नाही.
ते खाली उतरले. रस्त्याच्या पलीकडे जाऊन त्यांनी पाटीकडे बघितलं आणि ‘डोळे तपासून मिळतील’ असं मोठ्याने वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. परत आले, ब्रश बुडवला आणि पुन्हा स्टुलावर चढले.