पाहणीपुरतं उभं पीक

३ ऑक्टोबर

ति. दादास,
शि. सा. न.

गुडघा बरा असेल आणि शाळेतली मुलं अजून तुला घाबरत असतील, असं धरून चालते.

सोयाबीन कापणीला आलं आहे. यंदा सरकारने एकरी अनुदान जाहीर केलंय, पण पीक उभं असताना अधिकाऱ्याने पाहिलं तरच. ते कधी येणार, कोणालाच ठाऊक नाही. शेजाऱ्याने शेत कापून रस्त्याकडेच्या चार ओळी तेवढ्या ठेवल्यात. म्हणतो, साहेब गाडीतूनच बघतात. मीही तसंच करू का? पीक आणि अनुदान दोन्ही हाती आलं तर पुढचं बियाणं निघेल. नाहीतर तो आपलं शेत खंडाने मागतोच आहे. निम्मं तुझं, म्हणून विचारते.

तुझी बोलणी खाऊन वाढलेली,
धाकटी

९ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अ. आ.

वि. वि. गुडघा बरा आहे. मुलं घाबरत नाहीत. तशी ती कधीच घाबरत नव्हती.

सरकारी पत्रक मिळवून तीनदा वाचलं. इतक्या रुक्ष गद्यावर भाष्य करणारा मीच पहिला असेन. त्यात ‘संपूर्ण क्षेत्रावर उभे पीक’ असं स्वच्छ म्हटलं आहे. चार ओळींना शेत म्हणायचं, तर माझ्या डोक्यावर उरलंय त्याला केशसंभार म्हणावं लागेल. वडिलांनी जन्मात खोटी सही केली नाही. तेव्हा कापू नकोस. पंधरा दिवसांत पाहणी होईल, असं छापलंय. हे शासनाचं वचन आहे, तुझ्या नवऱ्याचं नव्हे. त्यालाही वाचून दाखव.

लोभ ठेव, वाद घालताना थोडा कमी केलास तरी चालेल.
दादा

६ नोव्हेंबर

ति. दादास,
शि. सा. न.

थांबले. पंधराचे पंचवीस दिवस झाले. शेंगा तडकायला लागल्या. दुपारी बांधावर उभं राहिलं की ऐकू यायचं. हे रोज म्हणायचे, कापूया. मी तुझं पत्र पुढे करायची.

काल साहेब आले. शेजाऱ्याच्या चार ओळी गाडीतूनच पाहून लिहून घेतल्या. आपल्याकडे मात्र खाली उतरले, कारण दाणे जमिनीवर सांडलेले होते. ‘पीक नाही’ असा शेरा मारला. वर म्हणाले, बाई, थांबायला सांगितलं कोणी?

मी तुझं नाव घेतलं नाही.

धाकटी

२० नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. आ.

तीन पानी अर्ज घेऊन इथल्या मोठ्या कचेरीत गेलो. कारकुनाने पहिलं पान वाचून भाषेची तारीफ केली, दुसरं उलटलं नाही. शेरा बदलत नसतो म्हणाला. मग आवाज खाली आणून विचारलं, चार ओळी ठेवायच्या एवढंही सुचलं नाही का? तिला सुचलं होतं, मी म्हणालो.

बियाण्याचे पैसे पाठवतो आहे. या एका बाबतीत मोठ्याचं ऐक.

दादा

२ डिसेंबर

ति. दादास,
शि. सा. न.

पैसे परत पाठवले आहेत. शेत पाच वर्षांसाठी शेजाऱ्याला खंडाने दिलं. आम्ही दोघं तिथेच रोजाने जाणार; वाट पायाखालची आहे, एवढीच सोय.

सोबत करारनामा आहे. निम्मा हिस्सा तुझा, म्हणून तुझीही सही लागते. जागेवर पेन्सिलीने फुली केली आहे. कलमं वाचत बसू नकोस, नुसती सही कर.

लोभ होता तेवढाच आहे. विचारण्यासारखं मात्र आता काही उरलं नाही.

धाकटी