कोपऱ्यातला नंबर

हमरापूर,
नागपंचमीचा दुसरा दिवस

प्रिय सुनीती,

तुझं पत्र मिळालं. परीक्षेचं स्वप्न सारखं पडणं म्हणजे आत्मविश्वास कमी असल्याची खूण, असं तुझ्या त्या मासिकात छापलंय म्हणे. आणि उपाय काय, तर झोपताना गरम दूध प्यावं! छापणाऱ्याला सांग, एकदा हमरापूरला येऊन माझ्याशी बोल म्हणावं. आत्मविश्वास कुणाचा कमी आहे ते तिथल्या तिथे कळेल.

अगं, पेणला चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला तू माझ्या पुढच्या बाकावर होतीस. स्मरणचित्रात तू बकरी काढलीस आणि बाई कौतुकाने म्हणाल्या, कुत्रा छान जमलाय हो! हसता हसता माझं रबर खाली पडलं, तरी धरमतरच्या धक्क्याला लागलेला शिडाचा पडाव मी वेळेआधी रंगवून मोकळी झाले होते. ‘अ’ श्रेणी आली मला. आबांनी मिठागरावर सगळ्यांना पेढे वाटले. ज्या परीक्षेला तेव्हा घाबरले नाही, तिला आता दोन पोरांची आई झाल्यावर घाबरू होय?

चूक माझीच, मी तुला स्वप्न अर्धंच सांगितलं. पेपर सुटत नाही म्हणून मी दचकून उठते, असं तू धरून चाललीस. तसं नाय गो. पेपर झकास सुटतो. चित्र पुरं होतं, बाई जवळ येऊन मान डोलावतात, आणि मी कागदाच्या कोपऱ्यात बघते तर तिथला नंबर माझा नसतो. दुसऱ्याच कुणाचा. बाई, हे चित्र माझं आहे, असं ओरडायला जाते तोच घंटा होते नि कागद जातो. सासूबाईंनी दोनदा मिरच्या ओवाळून टाकल्या. ठसका तेवढा सगळ्यांना लागला.

आमच्या गणपतीच्या कारखान्याची रीत तू बघितली आहेस. माती कालवणं, घासणं, रंग देणं सगळं आम्ही बायका करतो. डोळ्यांची आखणी मात्र घरच्या कर्त्या पुरुषाने करायची, अंघोळ करून, एकट्याने. ती आमच्यात मामंजींची. काळुरामच्या हातचे डोळे म्हणून गिऱ्हाईक लांबलांबून येतं. पण तीन वर्षांपूर्वी त्यांचा हात कापायला लागला. एका मूर्तीची बुबुळं अशी बसली की देवाचा एक डोळा दाराकडे नि दुसरा सुपाकडे. मामंजी ती पुसत बसले, मग कुंचला ठेवून त्यांनी तोंड फिरवलं. मला भडभडून आलं. मी कुंचला उचलला. नको म्हणाले नाहीत ते. दार लोटून घे, एवढंच म्हणाले.

तेव्हापासून ते दार लोटलेलंच. मी आत आखते आणि मामंजी अंघोळ करून, गंध लावून ओट्यावर बसतात. लोक त्यांच्या पाया पडतात. यंदा मी सांगून टाकलं, दार उघडं ठेवून बसेन, माझ्या नावाने आखीन, नायतर आखणार नाय. सासूबाई म्हणाल्या, गिऱ्हाईक तुटंल गो बाई. आमचे हे म्हणाले, आखतेस तर तूच ना, मग नाव कशाला पायजे? कशाला म्हणजे? मग बोर्डावर तुमचं तरी कशाला लावलंत, असं विचारलं तर ताटावरून उठले. उठू देत! मी पोटभर जेवले.

आता तुला हे का लिहितेय ते ऐक. गेली तीन वर्षं वरसेला तुमच्या घरी आरती झाली की तुझे सासरे, त्र्यंबककाका, पाहुण्यांना गणपतीचे डोळे दाखवतात, अशी नजर काळुरामशिवाय कुणाला जमायची नाही म्हणतात. तूच हौसेने कळवलं होतंस. सुनीती, ते डोळे मी आखलेत. तिन्ही वर्षं मीच. यंदाची तुमची मूर्ती मी सगळ्यांत आधी आखायला घेतली, दार सताड उघडं टाकून, जाणारे येणारे थांबून बघत असताना. मामंजी ओट्यावर होते. आत आले नाहीत, पण दारही लोटलं नाही. मूर्तीच्या मागे, बैठकीच्या कोपऱ्यात, मी माझं नाव घातलंय, पक्क्या रंगात. काकांना आधीच सांग. वरून रुमाल टाकून, न बोलता, गुपचूप नेऊ नकोस. त्यांना चालणार नसेल तर त्यांनी मूर्तीसाठी आणलेला पाट रिकामा परत न्यावा, ती मूर्ती मी माझ्या घरात बसवीन. नाव मात्र पुसून मिळणार नाही.

तुझीच, अजूनही तुझ्या बकरीला हसणारी,
चंद्रावती