कांदा मंडळाची युरोपातून सुटका

१ जानेवारी २०२१
काल आपण ब्रिटिश युरोपातून कायमचे सुटलो. त्यांचा तो डेटा संरक्षण कायदाही गेला. अकरा वर्षं मोठ्यात मोठ्या कांद्याची स्पर्धा भरवणाऱ्या कांदा मंडळाचा सेक्रेटरी आहे, पण हल्ली कुणाचा फोन नंबर सांगायचा तरी आधी त्याची परवानगी! आता मोकळं. संकल्प: सभासदांची संपूर्ण पुस्तिका काढणे. फेब्रुवारीत निवडणूक. बिनविरोध येईन.

४ जानेवारी
व्हेराचा ईमेल. आमची खजिनदार, निवृत्त लायब्ररियन, सगळं वाचते. विषय: 'कायदा गेलेला नाही, विल्फ.' उघडला नाही. बाई मनाने अजून ब्रसेल्सलाच आहे.

९ जानेवारी
पुस्तिका तयार. नाव, पत्ता, वय, शिवाय खताची कृती. ती प्रत्येक जण परीक्षकांसाठी बंद पाकिटात माझ्याकडे देतो. आमच्याकडे माणूस बायकोला पगार सांगेल, खत सांगणार नाही. पण स्वतंत्र देशात लपवाछपवी कशाला? एक्केचाळीस पाकिटं फोडली. डोरीन म्हणाली, अरे, विचारलंस का कुणाला? म्हटलं, बायको, विचारायचा कायदाच गेला.
माझी कृती जागेअभावी राहिली.

११ जानेवारी
पुस्तिका सर्वांना पाठवली. दुपारपर्यंत सात फोन. सगळ्यांचे आवाज भरून आलेले. अध्यक्ष स्टोबर्ट तर नुसतं 'विल्फ... विल्फ...' एवढंच म्हणू शकले.

१३ जानेवारी
सात किलोचा कांदा काढणाऱ्या स्टोबर्टचं गुपित म्हणजे दुकानातलं टोमॅटोचं तयार खत! गाव हसतंय. पहाटे कुणीतरी दारात लेंडीखताचं पोतं उपडं करून गेलं. माणसं कृतज्ञ आहेत. वाफ्यात पसरलं.

१९ जानेवारी
व्हेराचा फोन. म्हणे, विल्फ, आपल्याच संसदेने तो कायदा आपल्या नावाने ठेवून घेतलाय. आणि आपला सभासद रॉनी रॉबसन स्पेनला राहायला गेलाय ना? त्याच्यापुरता तिकडचाही लागू पडू शकतो. म्हणजे पूर्वी मी फार तर एक कायदा मोडला असता, आता एका ईमेलमध्ये दोन. हे आधीच्या कुठल्या सेक्रेटरीला जमलं होतं?

१५ फेब्रुवारी
झूमवर निवडणूक. चर्चेपुरतं मला बाहेर ठेवलं. परत आत घेतलं तेव्हा व्हेरा सेक्रेटरी झालेली. चाळीस विरुद्ध एक. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू? डोरीनने न मागता चहाबरोबर केकही दिला, म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

१६ फेब्रुवारी
ते एक मत कुणाचं? व्हेरा सांगेना. शोधल्यावर कळलं, आपल्याबद्दल लिहिलेलं आपण मागू शकतो, आणि महिन्याभरात द्यावंच लागतं. कायदा कुठला? तोच. चांगला कायदा आहे. तीन पानी अर्ज केला.

१२ मार्च
सभेचा वृत्तांत आला. इतरांची माहिती सुरक्षित राहावी म्हणून त्यांची नावं आणि बोलणी काळी केलेली. पाच पानं काळीकुट्ट. वाचता येतं ते फक्त 'विल्फ', तेवीस वेळा. आणि शेवटी एक वाक्य: 'विल्फला पडलेलं मत चुकून बटण दाबल्यामुळे पडलं, असं सभासदाने कळवलं आहे.'
म्हणजे एकाचं बोट तरी अजून माझ्या बाजूने आहे.