अकरा नंबरची फट

सोमवार, ४
पोचलो एकदाचे! कारखान्याने क्वार्टर दिलंय, दोन खोल्यांचं, भरपूर उजेडाचं. बायको तर नळाला दिवसभर पाणी बघूनच हरखली. वीस वर्षं पाइप फिटर म्हणून हाडं झिजवली, पण मुलाखतीत कामाचं कुणी विचारलंच नाही. इंजिनिअरसाहेबांनी एवढंच विचारलं, घरी कोण कोण असतं? बायको, म्हटलं. लगेच किल्ली हातात. माणूस भला दिसतोय.

पलंगाच्या चारही पायांखाली आधीच्या फिटरने लोखंडी पट्ट्या रचून ठेवल्यात. प्रत्येकीवर ३२ हा आकडा ठोकलेला. फरशी सपाट असताना हा उद्योग कशाला, कोण जाणे. मी काढून टाकल्या. पलंग मस्त टेकला.

मंगळवार, ५
वाफेचा मोठा पाइप, त्याला वीस सपोर्ट. काही खालून उभे, काही भिंतीतून निघालेले, काही वरून स्प्रिंगवर टांगलेले. पाइप आणि सपोर्ट यांच्यात फट राहिली की तिथलं वजन शेजारच्या सपोर्टवर जातं आणि तो बिचारा वाकतो. म्हणून फट मोजायची, तेवढ्याच जाडीची पट्टी, म्हणजे शिम, कापायची, कडा घासून आत सरकवायची. आज अकरा नंबरला दोन मिलिमीटर निघाले. शिमवर आपला नंबर ठोकायचा असा इथला नियम आहे. मी ३३ ठोकला. नंबर नसेल तर शिम टिकत नाही, असं इथले जुने वेल्डरकाका म्हणाले आणि मान खाली घालून निघून गेले.

शुक्रवार, ८
डोकं फिरलंय. अकरा नंबरला रोज सकाळी नवी फट! सपोर्ट खचलेला नाही, पाइप वाकलेला नाही, लेव्हल लावून पाहिली. साहेबांना म्हटलं, आधी कारण शोधू, एकावर एक किती शिम रचायच्या? तर म्हणे, अक्कल पाजळू नकोस, घाल. स्प्रिंगच्या सपोर्टला नट फिरवला की काम होतं, तिथेही शिम घालायला लावली! वीस वर्षांच्या हाताला ही किंमत. दात-ओठ खात घातली.

घरी येऊन उगाच हिच्यावर खेकसलो. ही म्हणत होती, या घरात चालताना पावलांचा आवाजच येत नाही.

सोमवार, ११
ही ओट्याशी उभी होती. मागून पाहिलं तर टाचांखालून पलीकडचा उजेड दिसला. चवड्यांखालूनही.

फट मोजायची पाती खिशातच होती. गुडघ्यांवर बसलो, एकावर एक लावून तिच्या पायांखाली सरकवली. चौदा मिलिमीटर. आजवर मी घातलेल्या सगळ्या शिमांची जाडी चौदाच होते.

ही हसली. गुदगुल्या करू नका म्हणाली. तिला कळलंच नव्हतं.

बुधवार, १३
वेल्डरकाकांची कॉलर धरली तेव्हा बोलले. जेवढं तिथे भरायचं, तेवढं घरी सुटतं. आधीच्याची बायको झोपली की पलंगासकट उचलली जायची, खालची फट भरायला त्या पट्ट्या. तीन महिन्यांत छताला लागली. मग एका दुपारी खिडकी उघडी राहिली.

सगळ्यांना माहीत आहे! म्हणूनच एकट्या माणसाला कामावर घेत नाहीत. काका आता एकटेच राहतात. कधीपासून, ते मी विचारलं नाही.

साहेबांच्या टेबलावर हातोडा आपटला. ते शांतपणे म्हणाले, पाइप फुटला तर शंभर माणसं जातील, तुझं एकच आहे. साहेब कसला, नालायक!

गुरुवार, १४
मी शिम घालणं बंद केलं. तर त्या हरामखोर साहेबाने रात्रीत वीसही सपोर्टांना माझा नंबर ठोकून दुसऱ्यांकडून थप्प्याच्या थप्प्या घालून घेतल्या. माझा नंबर!

ही गुडघाभर वर. पदर पलंगाला बांधलाय. रडते आणि मलाच धीर देते. पायांखाली काही ठेवलं की तेवढी आणखी वर—

शुक्रवार, १५
सकाळी ३३ च्या सगळ्या शिम ठोकून बाहेर काढल्या. साहेब किंचाळत होता. पाइप करकरला, पण खाली आला नाही.

घरी धावलो. ही फरशीवर! दोन्ही पाय टेकलेले! दारातच मिठी मारली—

मग तिने माझ्या बुटांकडे पाहिलं. तळांखालून पलीकडचा उजेड.

फट राहिली की तिथलं शेजारच्यावर जातं. वर मीच लिहिलंय. तिच्या शेजारी मीच ना—

खिडक्या लावल्या. ही माझे दोन्ही घोटे धरून बसलीय, सोडत नाही. वही टेबलावर. हात पुरेनासा होतोय—

साहेबा, तुझ्या घरी कोण कोण असतं ते मी—

पेन्सिल आता कागदाला टेक—