प्रज्वलचा ओटा

बदलापूर गाव
१२ जानेवारी २०२५

ती. आक्कास,
धाकट्या भावाचा, हिंदूचा साष्टांग नमस्कार वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ओरडून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून लिहायला बसलो. तुझे गुडघे कसे आहेत? शिवमंदिराकडे चालत जाऊ नकोस, रिक्षा करत जा.

सूनबाई, स्वप्नाली, लेकीला, चिमीला घेऊन विठ्ठलवाडीला आईकडे गेली. चार दिवसांसाठी नाही. कपाट रिकामं करून गेली.

झालं ते असं. पावसाळ्याआधी प्रज्वलने घरामागे काँक्रीटचा ओटा घातला होता, तो तू पाहिला आहेस. त्यावर शेड करून मसाल्याच्या कांडपाची मशीन बसवायचा त्याचा बेत होता. लोखंडी फ्रेमसुद्धा बनवून आणली होती. पुढे पुराचं पाणी आलं, त्या पाण्यातून तो कामावर गेला-आला, आणि श्रावणात त्या तापाने त्याला नेलं. फ्रेम तेव्हापासून भिंतीला टेकून आहे. आता सून म्हणते, मिरचीचा सीझन यायच्या आत शेड उभी करू, कांडप मी चालवते. मी नाही म्हणालो. जरा जोरात म्हणालो. शेजारच्या कौसाबाई आणि विठा बाहेर उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली.

तो ओटा रिकामा आहे तोवर मला बरं वाटतं. का ते विचारू नकोस. घरात आवाज नाही. कुकरची शिट्टी मीच काढतो आणि मीच दचकतो.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा हिंदू

◆

अंबरनाथ पूर्व
१९ जानेवारी २०२५

चि. हिंदुरावास,
आक्काचे आशीर्वाद वि. वि.

पत्र पोचलं. माझ्या गुडघ्यांची चौकशी तू फक्त काही बिघडवून ठेवलंस की करतोस, हे मला चांगलं माहीत आहे.

जरा जोरात म्हणालास, एवढंच लिहिलं आहेस. काय म्हणालास ते मला विठाकडून कळलं. ती मंगळवारी बाजारात भेटली आणि तिने माझ्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. माझ्या पोराला जाऊन वर्ष झालं नाही आणि हिला मशीन सुचते, असं तू म्हणालास. चारचौघांत. ज्या पोरीने हॉस्पिटलात त्याचे पाय चेपत रात्री काढल्या, तिला.

तुला एक ठाऊक नाही. होळीच्या सुमाराला दोघं माझ्याकडे आली होती. कांडपाची कल्पना तिची होती, प्रज्वलची नव्हे. कुठली मिरची तिखटाला आणि कुठली रंगाला, धणे किती भाजायचे, हे ती सांगत होती आणि तो नुसता माना हलवत होता. निघताना मला म्हणाला की आत्या, मी फक्त पाना फिरवणार, मालकीण हीच.

हिंदू, तुझं दुःख मोठं आहे, पण ते तुझ्या एकट्याच्या घरात आलेलं नाही. तिच्याही आलं आहे. आता काय करायचं ते तू ठरव. जेवण नीट करत जा, नुसता भात खाऊ नकोस.

तुझी रागावलेली, पण तुझीच,
आक्का

◆

बदलापूर गाव
१६ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास,
हिंदूचा नमस्कार वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि बरेच दिवस उत्तर लिहवलं नाही. आज लिहितो, कारण शेड उभी राहिली.

फ्रेम बनवणाऱ्या कैलासला बोलावलं. मी कंपनीत एवढी वर्षं फिटर म्हणून घालवली, त्यामुळे खांब कुठे, बोल्ट कुठे, सगळ्या खुणा मीच खडूने केल्या. कैलासचं म्हणणं पडलं की खांब अगदी ओट्याच्या कडेला घेऊ, आत जागा मोठी मिळेल. मी त्याला सांगितलं की अँकर बोल्ट आत फुगून काँक्रीटला धरतो, कडेला घेतलास तर कोपरा फुटेल. तो म्हणाला, काका टेन्शन नका घेऊ. मी चहा टाकायला आत गेलो, तेवढ्यात त्याने कडेलाच भोक मारलं आणि बोल्ट कसायला घेतला.

आवाज मला आत ऐकू आला. बाहेर आलो तर कोपऱ्याचा तुकडा खाली पडलेला. आक्का, हा ओटा घातला तेव्हा प्रज्वलने त्यावर गोणपाटं अंथरली होती. कामावर जाताना आणि आल्यावर पाणी मारायचा. स्वप्नाली चेष्टा करायची की एवढं पाणी चिमीलाही पाजत नाही. तो तुकडा हातात घेऊन मी तिथेच बसलो. कैलासला वाटलं मी रागावलो. तो सॉरी सॉरी म्हणत राहिला. मला राग आलाच नव्हता.

मग खांब आत घेतला. भोकं पुन्हा मारली. सायकलच्या पंपाने आतली भुकटी उडवून काढली, कारण भुकटी राहिली की बोल्ट धरत नाही. कैलासला हसू येत होतं, पण नंतर तोही पंप मारायला लागला. ओळंबा लावून खांब सरळ केले, खांबाच्या बुडाशी असलेल्या बेसप्लेटखाली सिमेंटचा माल भरला, आणि बोल्ट समोरासमोरचे धरून मी स्वतः कसले. शेवटच्याला हात भरून आले, तरी पाना कैलासला दिला नाही.

आता तू विठ्ठलवाडीला जा. तिला सांग की जागा तयार आहे, मशीनही ठरवली आहे. मी जायला हवं हे कळतं. दोनदा स्टेशनपर्यंत गेलो आणि परत आलो. तिच्यापुढे उभा राहून काय बोलू, ते मला जुळवता येत नाही.

माझ्यावर लोभ ठेव, एवढंच मागतो.
हिंदू

◆

अंबरनाथ पूर्व
२५ फेब्रुवारी २०२५

चि. हिंदुरावास,
आक्काचे आशीर्वाद वि. वि.

काल जाऊन आले. स्टेशनवरून परत फिरणारा फिटर मी पहिल्यांदाच ऐकला. आपल्या बापाचा हट्ट तुझ्यात उतरला, पण त्याची हिंमत वाटेत कुठे सांडली कोण जाणे.

ती आईबरोबर एका खोलीत राहते. जवळच कॅम्प पाच भागात जीन्सच्या कारखान्यात लागली आहे. आधी धागे कापायला होती, आता शेठने शिलाईवर बसवलं. बोटं निळी झाली आहेत, धुतली तरी जात नाहीत म्हणाली. माझ्या कानाचा प्रश्न, म्हणून चिमीच्या पाटीवर लिहून दाखवत होती. तू शेड कशी उभी केलीस ते मी सगळं सांगितलं. तिने मान खाली घालून ऐकलं. मग पाटीवर लिहिलं की कोपरा फुटला तेव्हा बाबांना लागलं तर नाही ना. मी नाही म्हणाले, आणि मला रडू आलं.

येशील का, असं मी विचारलं. तिने पाटी पुसली आणि ठेवून दिली. बाबांना मीच लिहीन, असं काहीसं म्हणाली. चिमी वाढली आहे. माझ्याच मांडीवर झोपली.

मी फार आशा दाखवत नाही, हिंदू. तब्येत सांभाळ.

आहे तेवढी सगळी माया तुलाच,
आक्का

◆

विठ्ठलवाडी
४ मार्च २०२५

ती. बाबांस,
स्वप्नालीचा नमस्कार वि. वि.

आत्यांनी सगळं सांगितलं. तुम्ही या वयात उन्हात बसून बोल्ट कसलेत, हे ऐकून जीव कसनुसा झाला. असं करत जाऊ नका.

बाबा, मी परत येणार नाही. शेडला नाही म्हणालात, त्याचं मला एवढं वाटलं नव्हतं. आज ना उद्या मी तुमचं मन वळवलं असतं. पण तुम्ही जे म्हणालात त्यानंतर बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी किती रडले, कधी थांबले, कधी जेवले, हे मोजल्यासारखं बघायला लागल्या. प्रज्वल माझा कोण होता, हे मला लोकांना दाखवत बसायचं नाही. इथे कारखान्यात कोणी ओळखत नाही. मशीनवर बसले की त्याची आठवण येते आणि ती माझ्यापुरती राहते. तिथे तसं झालं नसतं.

रागाने लिहीत नाही. राग होता, तो गेला. शेड रिकामी ठेवू नका. कौसाबाईंच्या सुनेला, नूतनला, कांडप टाकायचं होतं. तिला द्या. मे महिन्यात चिमीला सोडायला येईन. ती रोज आजोबा म्हणते.

मनात किंतु ठेवू नका. माझ्या मनात तुमची जागा आहे तिथेच आहे.
स्वप्नाली

◆

बदलापूर गाव
११ मे २०२५

ती. आक्कास,
हिंदूचा नमस्कार वि. वि.

चिमी आली आहे. आत्ता शेजारी बसून माझ्या पेनाचं टोपण चावते आहे.

शेडमध्ये नूतनचं कांडप चालू आहे. सकाळपासून बायका डबे घेऊन बसतात, घरभर मिरचीचा खाट येतो, ठसका लागतो, माझे डोळे सारखे वाहतात आणि कोणी काही विचारत नाही. परवाच्या वादळात मागच्या चाळीवरचे पत्रे थेट शाळेच्या मैदानात जाऊन पडले. आपली शेड जागची हलली नाही.

स्वप्नाली चिमीला घेऊन आली ती घरात न येता आधी मागे गेली. नूतनने मशीन थांबवली. हिने खांबाला दोन्ही हात लावले आणि अंगाचा भार टाकून ढकलून पाहिलं. माझ्याकडे बघून म्हणाली की बाबा, चांगलं बसलंय. मग परातीतला मसाला चिमटीत घेऊन हुंगला आणि नूतनला हळूच सांगितलं की धणे कच्चे राहताहेत. नूतनने हात धरला, सीझनपुरती तरी थांब म्हणाली. हिने मान हलवून नाही म्हटलं.

आक्का, मला किती बोलायचं होतं. तुला सांगतो, वाक्य पाठ करून ठेवलं होतं. ती समोर उभी राहिली आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं की चहा घेणार का. ती म्हणाली की उशीर होईल, शिफ्ट आहे. वाकून नमस्कार केला, चिमीचा पापा घेतला आणि निघाली.

ती रस्त्याच्या वळणाला जाईपर्यंत मी तिथेच खांबाला धरून उभा होतो. नूतनने मशीन चालू केली. बघणाऱ्याला खांब अगदी स्थिर दिसतो. हाताला मात्र तो आतून थरथरताना कळतो.

चिमी आजीला पापी लिही म्हणते, ती लिहिली. तुझा हात डोक्यावर आहे, तो काढू नकोस.
हिंदू